बीम-कॉलमचा सांधा: ‘फिक्स्ड’ आणि ‘पिन’च्या मधली स्प्रिंग कशी काढायची

“साहेब, वीसची प्लेट घातलीय, आठ-आठचे बोल्ट आहेत. अजून काय पाहिजे? पंचवीसची करून देऊ का?”

फॅब्रिकेटर मनापासून विचारत होता. एका शेडमधलं मेझनिन (पोटमजला) होतं, सहा मीटरचे बीम, दोन्ही टोकांना एंड प्लेटचा (बीमच्या टोकाला वेल्ड करून कॉलमला बोल्टने कसलेल्या प्लेटचा) मोमेंट सांधा, म्हणजे मोमेंट (वाकवणारा जोर) पेलणारा सांधा. सॉफ्टवेअरमध्ये मी दोन्ही टोकं फिक्स्ड धरली होती. पॅलेटची ट्रॉली वरून गेली की मजला पायाखाली जाणवेल इतका हलायचा, आणि दोरी ताणून मोजलं तर बीमचा झोल हिशेबाच्या दुपटीहून जास्त. वेल्ड ठीक होते, बोल्ट घट्ट होते, प्लेट खरंच वीसची होती. चूक माझ्या मॉडेलमध्ये होती, आणि ती ज्या जागी होती तिकडे आम्ही दोघंही बघत नव्हतो.

या लेखात तोच हिशेब पायरीपायरीने करून दाखवतो. उदाहरण जवळपास त्याच मापाचं घेतलंय: बीम आयएसएमबी ४००, गाळा ६ मीटर, कॉलम आयएसएचबी ३०० (मीटरला ५८.८ किलोवाला; दोन्ही आय आकाराचे प्रमाणित भारतीय छेद), दोन्ही टोकांना बीमच्या वर निघालेली २० मिमीची एंड प्लेट, ८.८ ग्रेडचे एम२० बोल्ट. पोलादाची यील्ड ताकद (जिथे ते कायमचं ताणलं जाऊ लागतं तो ताण) २५० न्यूटन प्रति चौ. मिमी.

आधी दोन टोकं पाहून घ्या

सॉफ्टवेअरमध्ये आपण सांध्याला दोनच पर्याय देतो. फिक्स्ड म्हणजे बीम आणि कॉलम यांच्यातला कोन अजिबात बदलत नाही, पिन म्हणजे सांधा मोमेंट घेतच नाही. प्रत्यक्षातला प्रत्येक सांधा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात विल्सन आणि मूर यांनी रिव्हेटच्या सांध्यांचा ताठपणा मोजला तो १९१७ साली. पोलादी बांधकामाच्या आपल्या आयएस ८००:२००७ या मानकामध्येही ताठ, अर्धताठ आणि साधा असे तिन्ही प्रकार दिलेत आणि परिशिष्ट एफमध्ये अर्धताठ सांध्यांची पद्धत आहे. ते परिशिष्ट उघडायची वेळ सहसा कुणावर येत नाही, एवढंच.

सांध्याचं वागणं एकाच वक्रात मावतं: आडव्या अक्षावर सांध्याचं फिरणं रेडियनमध्ये, उभ्या अक्षावर मोमेंट. त्या वक्रातून तीन गोष्टी हव्या असतात. सुरुवातीचा चढ म्हणजे ताठपणा, वक्र जिथे आडवा होतो ती ताकद, आणि तुटण्याआधी सांधा किती फिरतो ती तन्यता. मेझनिनच्या झोलासाठी पहिली पुरते, बीम पास-नापास ठरवायला दुसरीही लागते, भूकंपासाठी तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. मॉडेल किती खोलात करायचं ते यावरून आधी ठरवा. झोल काढायचा असताना दोन आठवडे सॉलिड एलिमेंटची (सांध्याच्या छोट्या घन तुकड्यांची) जाळी विणत बसलेले लोक मी पाहिलेत.

सांधा सुटा करा

युरोकोड ३ (युरोपचं पोलादी बांधकामाचं मानक) च्या भाग १-८ मध्ये दिलेली घटक पद्धत मला सगळ्यांत कामाची वाटते, कारण ती सांधा नेमका कुठे वाकतो ते दाखवते. मोमेंट सांध्यात शिरतो तो एका जोडीच्या रूपात: वरच्या फ्लँजला (आय आकाराच्या आडव्या पट्टीला) ताण, खालच्या फ्लँजला दाब. ताणाचा रस्ता बीमच्या फ्लँजमधून एंड प्लेट, बोल्ट, कॉलमचा फ्लँज आणि शेवटी कॉलमची वेब (दोन फ्लँजना जोडणारी मधली पट्टी) असा जातो. दाब थेट कॉलमच्या वेबमध्ये घुसतो. आणि या दोन बलांच्या मध्ये सापडलेला वेबचा चौकोन, म्हणजे पॅनेल झोन, तिरका होतो; हाच वेबचा शिअर. यातला प्रत्येक घटक एक स्प्रिंग. साखळीत एकामागे एक लावलेल्या स्प्रिंगचा ढिलेपणा बेरजेने वाढतो, म्हणून प्रत्येकीचा गुणांक काढायचा आणि व्यस्तांची बेरीज घ्यायची.

दोन्ही बोल्टच्या ओळी मी वरच्या फ्लँजच्या रेषेत आहेत असं धरतो. लिव्हर आर्म, म्हणजे ताण आणि दाब यांच्यातलं अंतर, ४०० वजा १६, म्हणजे ३८४ मिमी. कोडमध्ये ओळ-ओळ वेगळी धरून मग एकत्र करतात. हाताने अंदाज घ्यायला ही सोय चालते. गुणांक मिलिमीटरमध्ये:

कॉलमच्या वेबचा शिअर: ०.३८ × (३०० × ७.६) ÷ ३८४ = २.२६
कॉलमच्या वेबवरचा दाब: ०.७ × १७१ × ७.६ ÷ २५७ = ३.५४
कॉलमच्या वेबमधला ताण: ०.७ × ३५० × ७.६ ÷ २५७ = ७.२५
कॉलमच्या फ्लँजचं वाकणं: ०.९ × ३५० × (१०.६ ÷ ३७.४)³ = ७.१७
एंड प्लेटचं वाकणं: दोन्ही ओळी मिळून सुमारे ३०
बोल्ट: २ × १.६ × २४५ ÷ ४८ = १६.३

यातली काही मापं कुठून आली ते सांगतो. १७१ ही दाबाची पसरट रुंदी: बीमच्या फ्लँजचे १६ मिमी, वेल्डचे १७, प्लेटमधून पसरणारे ३०, आणि कॉलमच्या फ्लँज व गोलाईतून दोन्ही बाजू मिळून पाचपट पसरणारे १०८. २५७ म्हणजे कॉलमच्या वेबची दोन गोलाईंमधली सरळ उंची. ३७.४ हे बोल्टच्या मध्यापासून वेबच्या गोलाईपर्यंतचं अंतर, बोल्टचा गेज (ओळीतल्या दोन बोल्टमधलं अंतर) १०० मिमी धरून. ३५० ही फ्लँजची परिणामी लांबी, यील्ड रेषांच्या नियमांतून येणारी. ती चुकली की ताकदीचा सगळा हिशेब चुकतो. मी पहिल्यांदा ती डोळ्याच्या अंदाजाने २०० धरली होती आणि सांधा उगाचच कुचकामी ठरवला होता.

आता व्यस्त घ्या: ०.४४३, ०.२८२, ०.१३८, ०.१३९, ०.०३३, ०.०६१. बेरीज १.१०. सांध्याचा सुरुवातीचा ताठपणा म्हणजे यंगचा गुणांक गुणिले लिव्हर आर्मचा वर्ग भागिले ही बेरीज: २,००,००० × ३८४² ÷ १.१०, साधारण २६,९०० किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियन.

हा आकडा लिहून थांबू नका, बेरजेतले वाटे बघा. पहिले चारही घटक कॉलमचे आहेत, आणि सांध्याच्या एकूण ढिलेपणातला ९१ टक्के वाटा त्यांचाच. एकटा वेबचा शिअर ४० टक्के. प्लेट आणि बोल्ट मिळून उरलेले ९. फॅब्रिकेटरच्या म्हणण्याप्रमाणे प्लेट वीसची पंचवीस केली तर सांधा जेमतेम दीड टक्क्याने ताठ होतो. उलट तीच प्लेट १२ ची केली तर दहा टक्के जातात. म्हणजे एका मर्यादेखाली पातळ प्लेट नडते, पण त्या मर्यादेवर जाड प्लेट म्हणजे नुसतं वजन.

हा ताठपणा बीमला कसा वाटतो

२६,९०० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, तो बीमच्या ताठपणाशी ताडून पाहायचा. आयएसएमबी ४०० चा जडत्वाघूर्ण २०,४५८ सेमी⁴, त्यामुळे ईआय (यंगचा गुणांक गुणिले जडत्वाघूर्ण) भागिले लांबी येते ६,८२० किलोन्यूटन-मीटर. सांध्याचा ताठपणा भागिले हा आकडा, याला अल्फा म्हणू. आपला अल्फा ३.९४.

युरोकोडच्या हिशेबाने अल्फा ०.५ च्या खाली असेल तर सांधा पिन. ताठ म्हणायला ब्रेसिंगने आडवं सरकणं ऐंशी टक्क्यांनी कमी केलेल्या चौकटीत अल्फा ८ हवा, इतर चौकटींत २५. आयएस ८०० च्या परिशिष्टातली वर्गवारी गाळ्यावर अवलंबून नाही. तिथे बीमच्या खोलीच्या पाचपट लांबी धरतात, म्हणून ताठपणाची वरची सीमा ईआय ÷ (२ × खोली) आणि खालची ईआय ÷ (१० × खोली) अशी येते. आपल्या बीमला या सीमा सुमारे ५१,१०० आणि १०,२०० होतात. कुठल्याही बाजूने पाहा, आपला ‘मोमेंट सांधा’ अर्धताठ.

एक सूत्र मात्र पाठ करून ठेवावं असं आहे. दोन्ही टोकांना सारखीच स्प्रिंग आणि सगळ्या लांबीवर सारखा भार असेल, तर टोकाचा मोमेंट म्हणजे फिक्स्ड बीमचा मोमेंट भागिले (१ + २ ÷ अल्फा). अल्फा २५ ला ९३ टक्के, ८ ला ८० टक्के, २ ला निम्मा, ०.५ ला २० टक्के. अल्फा ६ ला टोकाचा आणि मधला मोमेंट सारखा येतो, म्हणजे बीमच्या वजनाच्या दृष्टीने तो फिक्स्डपेक्षाही किफायती. अर्धताठ हा शब्द कमीपणाचा नाही, तो माहीत नसणं महागात पडतं.

आता आपला बीम. रोजचा भार मीटरला २६.७ किलोन्यूटन धरा. फिक्स्ड धरला तर झोल २.२ मिमी, पिन धरला तर ११ मिमी. अल्फा ३.९४ ला टोकाचा मोमेंट ५३ किलोन्यूटन-मीटर आणि झोल ५.२ मिमी. दोरीने जे दाखवलं होतं ते हेच. या सूत्रात कॉलम स्वतः वाकत नाही असं गृहीत आहे. खऱ्या चौकटीत तो वाकतो, त्याची भर वेगळी, आणि ती सॉफ्टवेअर आपोआप घेतं.

ताकद आणि वक्राचा वाकलेला भाग

त्याच घटकांची ताकद वेगळी काढायची आणि सगळ्यांत दुबळा शोधायचा. इथे बेरीज नाही, साखळीतली कच्ची कडी. आयएसचा १.१ हा सुरक्षा गुणक धरून कॉलमची वेब शिअरमध्ये २६९ किलोन्यूटन घेते. फ्लँज स्वतः वाकून यील्ड होण्याच्या प्रकारात २३९ घेतो. दाबाखालची वेब, तिचं बकलिंग (दाबाने बाजूला फुगणं) आणि शिअरशी असलेली सांगड धरून, फक्त २१२. चार बोल्ट मात्र ५६० च्या वर घेतात. ते निवांत आहेत. म्हणजे सांध्याची ताकद २१२ × ०.३८४, सुमारे ८२ किलोन्यूटन-मीटर. बीमची स्वतःची २६७. सांधा बीमच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाही.

युरोकोडमध्ये मोमेंट ताकदीच्या दोन तृतीयांशाच्या आत असेपर्यंत सुरुवातीचाच ताठपणा चालतो. इथे ती हद्द साधारण ५५, आणि रोजच्या भाराला ५३ आलेत. वाचलो. त्यापुढे ताठपणा (१.५ × मोमेंट ÷ ताकद) च्या २.७ व्या घाताने भागायचा. मीटरला ४० किलोन्यूटन हा गुणित (सुरक्षा गुणकाने वाढवलेला) भार लावला, तर एक-दोन फेऱ्यांत टोकाचा मोमेंट ६६ वर स्थिरावतो आणि मध्यावर ११४ येतात. फेऱ्यांचा कंटाळा असेल तर बोल्टच्या एंड प्लेटसाठी सरळ निम्मा ताठपणा वापरायची मुभा कोडनेच दिली आहे. त्याने टोकाला ६० येतात, मधला मोमेंट जरा जास्त, सुरक्षित बाजूला.

पूर्ण वक्र हवा असेल तर किशी-चेन यांचं तीन आकड्यांचं सूत्र सोपं पडतं: मोमेंट = ताठपणा × फिरणं ÷ [१ + (फिरणं ÷ मूळ फिरणं)ⁿ] चं एन-वं मूळ. मूळ फिरणं म्हणजे ताकद भागिले ताठपणा, इथे ०.००३ रेडियन; एन हा वक्राचा आकार ठरवणारा आकडा. आयएसच्या परिशिष्टातलं फ्राय-मॉरिसचं सूत्र विषम घातांची बहुपदी आहे. ते ज्या चाचण्यांवर बसवलंय त्या मापांच्या बाहेर गेलात तर वक्राचा चढ उलटाही होऊ शकतो, म्हणून वापरण्याआधी एकदा आलेख काढून डोळ्यांनी पाहा.

सॉफ्टवेअरमध्ये घालताना

ईटॅब्समध्ये फ्रेमच्या रिलीजच्या खिडकीत मोमेंट सोडला की शेजारी स्प्रिंगची किंमत भरता येते. ओपनसीजमध्ये शून्य लांबीचा एलिमेंट टाका आणि त्याला वरचा वक्र द्या. लोक बहुतेक तीन ठिकाणी फसतात.

पहिलं, एकक. काही ठिकाणी फिरत्या स्प्रिंगची किंमत प्रति रेडियन नाही तर प्रति अंश मागतात. आपले २६,९०० तिथे ४६९ होतात. सरळ २६,९०० भरले तर सांधा ५७ पट ताठ, आणि निकाल फिक्स्डसारखा ‘छान’ दिसतो, म्हणून चूक सापडतही नाही.

दुसरं, दुहेरी मोजणी. आपल्या स्प्रिंगमध्ये पॅनेल झोनचा शिअर आधीच आहे. वर सॉफ्टवेअरचा पॅनेल झोनही चालू केलात तर तोच ढिलेपणा दोनदा मोजला जातो.

तिसरं, एकाच टाइपचे सांधे म्हणून सगळीकडे एकच किंमत. मधल्या कॉलमला दोन्ही बाजूंनी सारखे बीम आणि सारखा भार असेल, तर पॅनेलमध्ये शिअर येतच नाही. तोच सांधा मग ४५,००० होतो. वाऱ्यात किंवा भूकंपात दोन्ही बाजूंचे मोमेंट एकाच दिशेने फिरले की शिअर दुप्पट होतो आणि सांधा कडेच्या सांध्यापेक्षाही नरम. म्हणजे सांध्याचा ताठपणा हा सांध्याचा एकट्याचा गुण नाही, भाराप्रमाणे तो बदलतो. हे पटायला मला बराच वेळ लागला.

किंमत भरल्यावर सगळी इमारत चालवू नका. आधी एकच बीम, दोन स्प्रिंग, सारखा भार असं छोटं मॉडेल करा आणि वरच्या सूत्राशी ताडा. दहा मिनिटांचं काम.

सॉलिड एलिमेंट कधी आणि कसे

नेहमीच्या आकाराच्या सांध्याला घटक पद्धत पुरते. कॉलम डब्यासारखा असेल, बीम तिरका येत असेल किंवा चाचणीशी ताडायचं असेल तर अबाकस किंवा अन्सिससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण सांधा उभा करा. प्लेट आणि फ्लँजच्या जाडीत किमान तीन थर एलिमेंट ठेवा, एका थराला वाकणं नीट कळत नाही. बोल्टचा दांडा आट्यांच्या क्षेत्रफळाचा घ्या, म्हणजे एम२० ला २४५ चौ. मिमी. पोलादाचा ताण-विकृतीचा आलेख चाचणीतून जसा येतो तसा भरू नका, खऱ्या ताणात बदलून भरा: ताण गुणिले (१ + विकृती).

भाराचा क्रम महत्त्वाचा. पहिल्या पायरीत फक्त बोल्टचा पूर्वताण, एम२० ला सुमारे १३७ किलोन्यूटन. तो बसल्यावर बीमच्या टोकाला विस्थापन द्या, बल नाही. बल दिलं तर वक्र आडवा होतो तिथे गणित अडकतं. संपर्क जमत नसेल तर आधी प्लेट आणि फ्लँज बांधून चालवा, मग एकेक संपर्क सोडा. फिरणं मोजताना बीमच्या टोकाचं विस्थापन भागिले लांबी असं करू नका. त्यात बीमचं स्वतःचं वाकणं आणि कॉलमचं फिरणं मिसळलेलं असतं. दोन्ही वजा केल्यावर जे उरतं ते सांध्याचं. आलेला सुरुवातीचा चढ हाताच्या आकड्याच्या आसपास आहे का ते बघा. पूर्वताणामुळे तो काहीसा जास्त येईल. पाचपट आला तर मॉडेलमध्ये कुठेतरी काहीतरी चिकटलेलं आहे.

इतकं करूनही मॉडेलला एक गोष्ट दिसत नाही: तडा. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. पोलादी इमारती उभ्या राहिल्या, पण नंतर आवरण काढून पाहिल्यावर बीमच्या खालच्या फ्लँजचे वेल्ड ठिसूळपणे फाटलेले सापडले. कारणं वेल्डच्या धातूचा कमी चिवटपणा, तशीच ठेवलेली बॅकिंग पट्टी, तिच्या खाचेत एकवटलेला ताण अशी होती. यील्ड आणि प्लॅस्टिक वक्र देणाऱ्या कुठल्याच मॉडेलने ते दाखवलं नसतं. त्यानंतर अमेरिकेत विशेष मोमेंट फ्रेमच्या सांध्यांना चाचणीतच ०.०४ रेडियनपर्यंत मागेपुढे फिरवून ताकद टिकते का ते पाहणं आलं. भूकंपासाठी वक्र वापरणार असाल तर तो अशा फिरत्या चाचणीतून आलेला हवा, माझ्या वरच्या गणितातून नव्हे.

मेझनिनचं पुढे काय झालं

प्लेट आम्ही बदलली नाही. बीमच्या दोन्ही फ्लँजच्या रेषेत कॉलमच्या वेबला आडवे स्टिफनर (ताठ करणाऱ्या पट्ट्या) वेल्ड केले, त्याने दाब आणि ताणाचे दोन घटक बेरजेतून जवळजवळ गेले. उदाहरणाच्या आकड्यांत सांधा २६,९०० चा ४३,५०० होतो, झोल ५.२ चा ४.३. शिवाय वेबला तेवढ्याच जाडीची एक जोडप्लेट लावली असती तर ६१,००० आणि ३.८. पण आठ कॉलमच्या वेबना उभ्या उभ्या जोडप्लेट वेल्ड करायला मालक तयार नव्हता. मजल्याचं हलणं कमी झालं, गेलं नाही. ट्रॉलीचा रस्ता बीमच्या टोकाकडे सरकवला.

स्टिफनर लावायच्या आधी एक सांधा जवळून पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. एंड प्लेटच्या खालच्या कोपऱ्यात फीलर गेजची दीड मिमीची पट्टी सरळ आत गेली. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट वाकली होती आणि बोल्टांनी ती पुरती ओढली गेली नव्हती. माझ्या बेरजेत त्या फटीसाठी घटकच नाही. तिथे पातळ शिम (फट भरणारी पट्टी) ठोकून पुन्हा बोल्ट कसले. आता ड्रॉइंगवर सांध्याच्या ताठपणाच्या आकड्याखाली मी फटीची मर्यादाही लिहितो.